“दडे बसलेत, होईल बरं”

श्रोतेहो, नमस्कार.

विषयाला हात घालायच्या आधी तुमच्याकडून एक गोष्ट करून घेते. गाडी चालवत असाल तर मात्र नको. तोंड मिटा आणि ‘म्ऽऽऽ’ असा लांब आवाज काढा. आवाज चालू ठेवूनच उजव्या कानात बोट घाला. आवाज कुठं गेला? उजव्या कानात. कान बंद केला, तर आवाज कमी व्हायला हवा होता. तो उलट तिथंच घुमायला लागला.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. इचलकरंजीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. तुम्ही आत्ता जे केलंत, तेच मी रोज नादकाट्यानं करते. काटा कोपरावर आपटायचा, त्याची दांडी पेशंटच्या कपाळावर मधोमध टेकवायची आणि विचारायचं, “आवाज कुठल्या कानात येतोय?” मळ साचलाय, सर्दीनं पडद्यामागं पाणी झालंय, असं काही असलं तर आवाज त्या बंद कानातच घुमतो, बोट घातल्यावर घुमला तसा. पण आतली नस कमजोर झाली असेल, तर आवाज चांगल्या कानाकडं पळतो. बंद कानात आवाज जास्त घुमतो, हे वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ साली लिहून ठेवलं. या तपासणीला वीज लागत नाही, अर्धं मिनिट पुरतं.

हे सगळ्यात आधी सांगितलं, कारण माझ्या सख्ख्या मामांसाठी हे अर्धं मिनिट कुणी काढलं नाही. एका सकाळी उठले तो डावा कान बंद. आत शिट्टीसारखा आवाज, थोडी चक्कर. घरात सगळे म्हणाले, दडे बसलेत, होईल बरं. दोन दिवस कोमट तेल घातलं. मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले. मग एका दवाखान्यात गेले, तिथं सर्दीच्या गोळ्या मिळाल्या. मला फोन आला तो तीन आठवड्यांनी, तोही एका लग्नाचं आमंत्रण द्यायला. बोलता बोलता मामा म्हणाले, “थांब जरा, फोन या कानाला घेतो.” त्यांचा डावा कान परत आला नाही.

एका कानानं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं होणं, याला आम्ही तातडीचा आजार मानतो. त्यावर स्टेरॉईडच्या गोळ्या देतात, कधी पडद्यातून आत इंजेक्शनही देतात. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर कान परत मिळण्याची आशा जास्त; दोन आठवडे उलटले की ती फार कमी होते. काहींचा कान आपोआप सुधारतो हेही खरं, पण आपला कान त्यातला आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. म्हणून सांगते, असं झालं तर ‘म्ऽऽ’ करून बघा. आवाज चांगल्या कानात गेला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं जा. बंद कानात गेला तरी दाखवाच. फक्त त्यासाठी रात्रीची धावपळ नको.

आता तेलाबद्दल. बाळाच्या टाळूवर तेल घालतो तसं ते कानातही घालायची आपली जुनी सवय. पडद्याला भोक असेल तर तेच तेल थेट आत उतरतं. पावसाळ्यात तर ओल्या, तेलकट कानात बुरशी धरते. दुर्बिणीतून पाहिलं की ओल्या वर्तमानपत्राचा लगदा भरल्यासारखा दिसतो आणि त्यावर काळे ठिपके. खाज अशी की माणूस झोपत नाही. मग तो हेअरपिन घालतो, काडी घालतो, स्कूटरची किल्ली घालतो. मळ बाहेर टाकायचं काम कान स्वतःच करत असतो. काडीनं तो निघतो त्यापेक्षा जास्त आत ठासला जातो.

मुलांचे कान वाहतात, त्याचं कारण बहुतेकदा नाक-घशात असतं. नाकामागून कानाकडं जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दी त्या वाटेनं कानात जाते, पू होतो, मूल रात्रभर रडतं. पहाटे कान फुटतो, पू बाहेर येतो आणि दुखणं एकदम थांबतं. आईला वाटतं, संपलं. पुष्कळ वेळा पडदा भरून येतोही. पण येतो की नाही हे कुणीतरी आत बघायला हवं. नाहीतर तो कान दर सर्दीला, दर पोहण्याला वाहत राहतो, मूल वर्गात मागं पडतं आणि आपण म्हणतो, लक्ष देत नाही. असा कान कोरडा ठेवायचा, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस घालायचा, विहिरीत उडी मारू द्यायची नाही. कान कोरडा राहिला की कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवता येतो. आणि एक खूण नीट लक्षात ठेवा: पाणी थोडंच येतंय, पण त्याला घाण वास आहे. तो आजार आतलं हाड खात जातो. चेहरा वाकडा होणं, मेंदूत पू होणं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथं थेंबांवर भागत नाही, ऑपरेशनच लागतं.

तान्ह्या बाळांबद्दल बोलताना मात्र माझा जीव तुटतो. बाळाला ऐकू येतं का, हे बघायला आजी मागून ताट वाजवते. बाळ मान वळवतं, घर निश्चिंत. पण बाळानं कदाचित आजीची सावली पाहिली असेल, हवेचा झोत गालाला लागला असेल. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, आवाज काढतं. म्हणून कुणाला शंका येत नाही. दीड वर्षानं ‘आई’ म्हणत नाही तेव्हा शेजारीण म्हणते, “याचा बापही उशिराच बोलला होता.” आणि तिसऱ्या वर्षी ते माझ्यासमोर येतं.

खरं तर बाळ झोपलेलं असताना कानात एक मऊ, बोंडासारखं टोक ठेवून काही मिनिटांत तपासणी होते. शंका आली तर पुढं बेरा नावाची तपासणी, डोक्याला छोट्या पट्ट्या लावून, तीही झोपेतच. हिशेब सोपा आहे: पहिल्या महिन्यात ही पहिली तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. मेंदू भाषा शिकतो ती याच वयात. कुणाला कानात घालायचं ऐकण्याचं मशीन पुरतं. ज्यांना मशीननंही पुरेसं ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट असतं: कानाच्या आत शंखासारखा ऐकण्याचा भाग असतो, त्या शंखात एक तार बसवतात, ती थेट नसेला जागं करते. त्यानंतर महिनोन् महिने बोलायला शिकवावं लागतं. तो कष्टाचा भाग आईच्या वाट्याला येतो. खर्च लाखांत जातो, पण सरकारी योजना आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात जन्मजात बहिरेपणा येतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामाला वाहिलेली आहे. आणि आमच्या भागातल्या श्रोत्यांना एक गोष्ट हात जोडून सांगते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं अजून होतात. अशा घरात जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. निदान त्या घरात बाळाची तपासणी चुकवू नका.

आता आमच्या गावाचा आवाज: यंत्रमाग. धोट्याची खटखट नव्वद डेसिबलच्या वर सहज जाते. दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही कानाची मर्यादा धरतात, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. आमचा कामगार बारा तासांची पाळी करतो. आतल्या शंखातल्या ज्या नाजूक केसपेशी झिजतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी रातकिडे जातात, मग पातेल्याखालचा मंद गॅसचा फुसफुसाट, मग माणसांचे शब्द.

गेल्या वर्षी तीस वर्षं मागावर काढलेले एक गृहस्थ आले. “मला काही झालं नाही, ही हळू बोलते,” म्हणाले. तपासणीला बसवलं. हेडफोन लावला, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हटलं. जाड आवाजांना बोट पटापट दाबत होतं. मग बारीक शिट्ट्या सुरू केल्या, वाढवत नेल्या. शेवटी शेवटी ती शिट्टी हेडफोनमधून बाहेर झिरपून मला ऐकू येत होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोलाही येत होती. त्यांचं बोट बटणावर तसंच. बाई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पंधरा वर्षं त्या दोघांची भांडणं याच कारणावरून होत होती.

मशीन दिलं. पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आले, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. हे अगदी बरोबर आहे. मशीन चष्म्यासारखं पहिल्या दिवशी बसत नाही, दोन-तीनदा येऊन ते जुळवून घ्यावं लागतं, आणि इथंच बहुतेकांची मशीनं कपाटात जातात. तपासणी न करता जाहिरातीवरून मागवलेलं तर नक्कीच जातं. न ऐकणारा माणूस हळूहळू बोलायचा थांबतो, चारचौघांत बसेनासा होतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत आता कमी ऐकू येणं वरच्या जागी मोजतात. त्या बाईंना मी सांगितलं, स्वयंपाकघरातून हाक मारू नका, समोर या, तोंडावर उजेड राहू द्या, आणि ओरडू नका, सावकाश बोला.

अशा माणसांना आवाज येतो, शब्द कळत नाही. कारण बारीक आवाजाची अक्षरं आधी जातात. आता घरातल्या आजी-आजोबांना रेडिओजवळ बोलवा. आवाज नेहमीएवढाच ठेवा. मी चार शब्द म्हणते, त्यांनी ते परत म्हणायचे, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

सात.

आठ.

हात.

साठ.

चुकले असतील तर वाद घालू नका, या आठवड्यात तपासणीला घेऊन जा. सोबत चालू औषधांची चिठ्ठी असू द्या आणि रोज त्यांच्याशी बोलणारं माणूस बरोबर जाऊ द्या. राहिले असतील त्यांच्यासाठी पुन्हा एकदा म्हणते, या वेळी क्रम बदलून.

साठ. हात. सात. आठ.

नमस्कार.