आधी पाणी, मग कोळंबी

(दृश्य : काचेवरच्या हिरवट थरावर चरणारी लाल कोळंबी, अगदी जवळून)

पडद्यावर दिसणाऱ्या या लाल जिवाची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर आहे. हौशी मंडळी त्याला ‘चेरी श्रिंप’ म्हणतात. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्यूव्हिए यांनी १९०४ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले आणि चीनमध्ये प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा करणारे मिशनरी आर्मां दाव्हिद यांचे नाव तिला मिळाले. चीन, कोरिया आणि तैवानमधील गोड्या पाण्याच्या ओढ्यांत ती मूळची राहते. तिथे तिचा रंग तपकिरी-हिरवट, सहज नजरेस न पडणारा असतो. हा लाल रंग माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून आणलेला आहे.

तिच्या पुढच्या पायांकडे पाहावे. पहिल्या दोन जोड्यांना बारीक चिमटे आहेत आणि चिमट्यांच्या टोकाला ताठ केसांचे झुबके. एक पाय काच खरवडतो, तोवर दुसरा तोंडाशी पोहोचलेला असतो, आणि हे काम दिवसभर चालू राहते. ती जे खाते तो शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्मजीव यांचा पातळ थर आहे. तो दुकानातून आणता येत नाही, टाकीतच धरावा लागतो. त्यामुळे या चित्रणाचा बराचसा भाग कोळंबी नसलेल्या टाकीचा आहे.

(दृश्य : रिकामी टाकी, खाली थर्माकोल, वर पाणसळ)

पुण्यातील एका सदनिकेतील ही टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. हे माप नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे ५४ लिटर पाणी मावते आणि काच, वाळू, दगड धरून स्टँडवर साठ-सत्तर किलोंचा भार येतो. याहून लहान टाकी स्वस्त पडते. पण पाणी जितके कमी, तितका त्यात होणारा बदल वेगाने होतो, आणि कोळंबीला वेगाने झालेला कोणताही बदल मानवत नाही.

तळाला धुतलेली बारीक वाळू आहे. कोपऱ्यात साधा स्पंज फिल्टर असून तो एअर पंपावर चालतो. काचेबाहेर टांगायचे मोटरचे फिल्टर दिसायला रुबाबदार असतात, परंतु नुकती जन्मलेली पिल्ले त्यांच्या नळीत ओढली जातात; स्पंजमधून पाणी हळू शिरते, पिल्लू शिरत नाही, उलट त्याच स्पंजवर बसून ते चरते. लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने जावा मॉस बांधले आहे, दगडाला अनुबियास. या दोन्ही वनस्पतींना खत लागत नाही, भगभगीत दिवाही लागत नाही.

(दृश्य : नळाचे पाणी काचेच्या पेल्यात; टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, दाखवणाऱ्या मीटरचा आकडा)

आता पाण्याकडे यावे लागते. पुण्याला खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारे पाणी तुलनेने हलके असते. मात्र अनेक सोसायट्यांत टंचाईच्या दिवसांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी त्यात मिसळले जाते, आणि काळ्या पाषाणातून उपसलेल्या त्या जड पाण्यामुळे मीटरवरचा आकडा एकाएकी चढतो. चेरी श्रिंपला साधारण १५० ते ३०० टीडीएस मानवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असावे लागते, कारण तिची कात त्यावरच घडते. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी नुसतेच वापरणारे या जागी फसतात. ते पाणी स्वच्छ असते, पण त्यातले बहुतेक क्षार गेलेले असतात, त्यामुळे मोजून खनिज क्षार मिसळल्याशिवाय ते कोळंबीच्या उपयोगाचे नाही. मुंबईत तलावांचे पाणी मुळातच इतके हलके आहे की तिथेही बहुधा हीच भर घालावी लागते.

नळाच्या पाण्यातील क्लोरिनही आधी घालवावे लागते. त्यासाठी दुकानात मिळणारे अँटीक्लोरिन, म्हणजे मुख्यतः सोडियम थायोसल्फेट, काही थेंबांत काम करते. आपल्याकडे पाणी रात्रभर बादलीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. साध्या क्लोरिनसाठी ती बऱ्याच अंशी चालते, क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचे संयुग, असल्यास मात्र चालत नाही.

(दृश्य : परीक्षानळ्यांतील रंग, पिवळा, हिरवा, जांभळा)

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, दिवा लागला, आणि आता पुढचे चार ते सहा आठवडे तिच्यात कोणीही राहणार नाही. पाहणाऱ्याला हा काळ कंटाळवाणा वाटतो, परंतु सगळा खेळ याच काळात ठरतो. पाण्यात चिमूटभर माशांचे खाद्य टाकले आहे. ते कुजते आणि अमोनिया तयार होतो. परीक्षानळीतील पिवळा द्रव हिरवा झाला, तो त्यामुळे. अमोनियावर जगणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत हळूहळू वाढतात आणि त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते; परीक्षानळीतला जांभळा रंग त्याचाच. या जांभळ्या रंगाच्या दिवसांत कोळंबी सोडली तर ती तग धरत नाही. त्यानंतर दुसरे जिवाणू येतात, नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते मर्यादेत राहिले तर वनस्पती आणि आठवड्याचा थोडा पाणीबदल त्याला पुरे पडतात. हौशी मंडळी याला ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात. काच, वाळू, फिल्टर आणि जीव एकाच संध्याकाळी एकाच पावतीवर विकणाऱ्या दुकानदाराला हा महिना परवडत नसावा. पाळणाऱ्याला तो परवडवून घ्यावाच लागतो.

दरम्यान काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवा. नवखे लोक तो घासून काढतात. तो समोरच्या काचेवरून काढावा, बाकीच्या तीन काचांवर राहू द्यावा. तळाशी दिसणारे पान देशी बदामाचे आहे. झाडाखाली आपोआप गळालेले, पूर्ण सुकलेले आणि फवारणी न झालेले पान धुऊन, उकळून टाकले की पाण्याला फिका तपकिरी रंग येतो, आणि पान मऊ पडत जाते तसा कोळंबीचा घोळका त्यावर जमतो. शेवटी शिरांची जाळी तेवढी उरते. हेच पान आयात वस्तू म्हणून पाकिटात, चांगल्या किमतीला मिळते. ते कोण घेते, हे एक कोडेच आहे.

(दृश्य : बादलीत कोळंबी, वर टाकीतून येणारी बारीक नळी, थेंब थेंब पाणी)

कोळंबी आणल्यावर पिशवी थेट टाकीत रिकामी केलेली नाही. नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने टाकीचे पाणी बादलीत सोडले आहे, आणि दीड-दोन तासांत दोन्हींकडचा आकडा जवळ येऊ दिला आहे. दृश्य येथे छोटे केले असले, तरी काम छोटे करता येत नाही.

(दृश्य : कात टाकणारी कोळंबी)

पाठीच्या कवचाची मागची कड आणि पोट यांच्यामध्ये फट पडली आहे. कोळंबी कमरेत वाकते, पाय आत ओढते, आणि एका झटक्यात स्वतःच्या कातीतून मागे निसटते. मिशांसकट, डोळ्यांच्या आवरणासकट तिचा पारदर्शक साचा मागे उरतो. तो मेलेला जीव समजून फेकू नये. इतर कोळंबी तो खातात आणि त्यातली खनिजे परत मिळवतात. पाणी अचानक बदलले किंवा त्यात खनिजे कमी पडली, तर कात नीट फाटत नाही, मानेभोवती पांढरे कडे उमटते आणि कोळंबी बहुधा त्यातच मरते. म्हणूनच पाणीबदल आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. उन्हामुळे उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने करतात, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात.

मादी कात टाकते तेव्हाच मिलनाची वेळ येते आणि टाकीतले सारे नर सैरावैरा पोहू लागतात. मग पोटाखालच्या पोहण्याच्या पायांत वीस-तीस अंड्यांची गाभोळी दिसू लागते. मादी ती सतत हलवत ठेवते, वारा घातल्यासारखी, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो आणि बुरशी धरत नाही. सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने वनस्पतींच्या टाक्यांत शेवाळ खाण्यासाठी जी कोळंबी लोकप्रिय केली, तिच्या अळ्यांना खारे पाणी लागते, त्यामुळे तिची वीण घरच्या टाकीत सहजी होत नाही. चेरीला तो टप्पाच नाही. मॉसवर दिसणारा हा दोन मिलिमीटरचा ठिपका आईचीच हुबेहूब लहान प्रत आहे, आणि पहिल्या दिवसापासून तो स्वतः चरतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी तीस अंशांच्या वर गेले की त्यातला प्राणवायू घटतो. टाकीवर लावलेला हा लहान पंखा माठाच्याच तत्त्वावर चालतो; पृष्ठभागावरून बाष्पीभवन वाढते आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते, त्या वेळी खिडक्या लावून एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवावा, नाहीतर तोच धूर बुडबुड्यांतून पाण्यात उतरतो आणि सगळी टाकी जाते.

(दृश्य : जाळीत पकडलेली कोळंबी, प्लॅस्टिकची पिशवी)

वर्षभरात टाकी भरते. जास्तीची कोळंबी ओढ्या-नाल्यात सोडायची नसते, कारण जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याच्या ओढ्यात तिने बस्तान बसवले आहे आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत आपली स्वतःची कोळंबी राहते. जास्तीची चेरी दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यायची. पिशवीत एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत हवा, आणि कोळंबीला धरून बसायला मॉसचा एक झुबका. पिशवीवर मार्करने तारीख आणि या टाकीचा टीडीएस लिहिलेला आहे, म्हणजे घेणाऱ्याने आपले पाणी आधी त्या आकड्याजवळ आणून ठेवावे.