बंपरवरचं ओझं चॅसिसवर

(दृश्य : उभ्या ट्रेलरची मागची बाजू. बंपरच्या टोकाचं प्लास्टिकचं झाकण काढलं जातं.)

पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकावरचं घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिका-कॅनडात उन्हाळा लागला की हायवेवर असे ट्रेलर सतत दिसतात. आत जागा बेताची, त्यामुळे सायकली, जनरेटर, जास्तीची स्टेपनी मागच्या बंपरवर चढते. चार बाय चार इंचांचा तो चौकोनी पाइप दिसतोही दणकट. पण झाकण काढून आत पाहा. आत सांडपाण्याचा होज सरकवून ठेवलेला असतो, आणि बऱ्याच ट्रेलरमध्ये पाइपचा पत्रा जेमतेम अर्धा सूत, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. ही होज ठेवायची पेटी आहे. सायकली पेलायला ती बनवलेलीच नाही, आणि कित्येक उत्पादक आपल्या पुस्तिकेत बंपरवर सायकल कॅरिअर लावू नका असं स्पष्ट लिहितात.

(दृश्य : कॅरिअर आणि दोन सायकली बाजूने.)

प्रत्येकी २५ किलोच्या दोन ई-सायकली आणि २० किलोचा कॅरिअर धरा. एकूण ७० किलो, आणि हा भार बंपरच्या मागे अर्ध्या मीटरवर लटकतो. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला ३५ किलो अडकवून बंपर पिळावा, तसं हे झालं. तेही उभ्या ट्रेलरला. खड्ड्यात चाक आदळलं की हाच भार क्षणभर कितीतरी पट होतो.

तरीही पाइप मधे मोडत नाही. चारही बाजूंनी बंद असलेला पाइप पीळ चांगला सोसतो. फाटतो तो टोकाचा सांधा. चॅसिसच्या दोन बीमना बंपर वेल्डिंगच्या काही इंचांवर धरलेला असतो. दर हिसक्याला तो सांधा वाकतो आणि सरळ होतो, मग कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते. रंगावर आधी बारीक रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा ओघळ दिसतो. ओल्या होजमुळे पाइप आतूनही गंजत असतो. एक टोक सुटलं की दुसऱ्यावर सगळा भार येतो आणि बंपर सायकलींसकट रस्त्यावर येतो. दुसरी कमजोर जागा कॅरिअर बंपरला धरणाऱ्या यू-बोल्टखालची. तो करकचून आवळला की पातळ पत्रा चेपतो, पकड ढिली होते आणि कॅरिअर डुलायला लागतो.

(दृश्य : बंपरला कवेत घेऊन चॅसिसला बोल्ट केलेल्या जाड पट्ट्या.)

बाजारात मिळणाऱ्या जोड-पट्ट्या बंपरला कवेत घेऊन चॅसिसला बोल्ट होतात. त्या जरूर लावा. सांधा सुटला तर बंपर खाली पडू देत नाहीत. पण काही पट्ट्यांचं काम तेवढंच असतं. त्याने बंपरची क्षमता वाढली असं धरून तिसरी सायकल चढवू नका.

दुसरा मार्ग बंपरच बदलायचा. दीड सूत जाडीचा चार इंची पाइप आठ फूट लांबीला सुमारे ३४ किलो भरतो, दोन सुती घेतला तर ४४. मूळचा १२-१३ किलोचा. म्हणजे सामान चढण्याआधीच सगळ्यात वाईट जागी २० ते ३० किलो वाढले. दोन सुतीचा हव्यास नको, दीड सूत पुरतं. मात्र जाड पाइपच्या आतली जागा कमी होते, होजची टोकं आत जात नाहीत. होजसाठी वेगळी जागा करावी लागते.

(दृश्य : ट्रेलरखाली, बीमला लागून बसवलेली लांब भुजा.)

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे बंपरवर भार येऊच न देणं. दीड सुती चौकोनी पाइपच्या दोन भुजा चॅसिसच्या दोन्ही बीमना लावून पुढे न्यायच्या, मागे त्यांना आडवा पाइप जोडायचा आणि त्यावर दोन इंची रिसीव्हर, म्हणजे कॅरिअरचा दांडा खुपसायचा चौकोनी नळा. इथे भुजेची लांबी निर्णायक ठरते. मागच्या बोल्टपासून ६० सेंटिमीटर मागे १०० किलो असतील आणि दोन बोल्टांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढच्या बोल्टांवर ३०० किलोंचा ताण येतो. बोल्टांमधलं हे अंतर ७५ सेंटिमीटर केलं की ताण ८० वर उतरतो.

भोकं बीमच्या उभ्या पत्र्यात पाडा. खालच्या आडव्या फ्लॅंजला ड्रिल लावू नका. वाकण्याचा जास्तीत जास्त ताण तिथेच असतो. बोल्ट चार सुती, उच्च दर्जाचे, सोबत जाड वॉशर आणि हिसक्यांनी ढिले न होणारे नायलॉक नट. आणि आधी खाली झोपून एक गोष्ट पाहून घ्या : मुख्य बीम खरोखर शेवटपर्यंत आलाय का? काही ट्रेलरमध्ये शेवटचा तुकडा पातळ चॅनलचा, मागून जोडलेला असतो. अशा ठिकाणी भुजा तो जोड ओलांडून मुख्य बीमपर्यंत गेलीच पाहिजे.

वेल्डिंग करायचंच असेल तर फ्लॅंजवर आडवा टाका मारू नका, चीर तिथूनच सुरू होते. गॅसचे सिलिंडर बंद करून लांब न्या, बॅटरीची तार सोडवा, खालचं प्लास्टिक आवरण मागे सरकवा. वर लाकूड आणि फोम आहे, जवळून दिव्यांच्या वायरी गेल्यात. पाणी आणि अग्निशामक हाताशी ठेवून एक माणूस फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला उभा करा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा. त्याचा धूर विषारी असतो.

(दृश्य : हिचखाली ठेवलेला वजनकाटा.)

लोखंडाचं काम कितीही पक्कं झालं तरी एक प्रश्न उरतोच, हिचवरच्या वजनाचा. हिच म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडायचा पुढचा सांधा. समजा ट्रेलरचं वजन २७०० किलो, त्यातलं ३२५ हिचवर, म्हणजे १२ टक्के. चाकांच्या मध्यापासून हिच साडेचार मीटर पुढे, सामान चार मीटर मागे. मागे १०० किलो ठेवले की तरफेसारखं होऊन हिचवरचे ८९ किलो उचलले जातात. २८०० पैकी राहिले २३६, साडेआठ टक्क्यांहूनही कमी. असायला हवेत १० ते १५ टक्के. त्याखाली गेलं की वेगात ट्रेलर डावी-उजवी झुलू लागतो. पुढच्या खणात, चाकांपासून तीन मीटरवर, ६० किलो भरले तर ४० परत मिळतात. तरीही १० टक्के गाठत नाही. शिवाय चाकांवर मागच्या सामानाने १८९ किलो वाढलेच आहेत. म्हणून सामान लादून काट्यावर जा, आणि एकूण वजन ट्रेलरवरच्या पाटीतल्या मर्यादेशी आणि टायरच्या क्षमतेशी ताडून पाहा.

(दृश्य : बोल्टवर मारलेली पांढरी रेघ.)

नट आवळून झाला की नट आणि पत्रा मिळून रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून ती तुटली आहे का पाहा, मग दर मुक्कामी. सायकलींमागे नंबरप्लेट किंवा ब्रेकचा दिवा झाकला जात असेल, तर निघण्याआधी तो कॅरिअरच्या टोकाला हलवा.