आखूड पंख, लांब पंख

[दृश्य : भावली धरणाच्या बाजूचे डोंगर, उतरणीवरची भातखाचरे, सकाळचे धुके]

नाशिक जिल्ह्याची शेती म्हटली की द्राक्ष आणि कांदा यांच्यापलीकडे चर्चा सहसा जात नाही. विल्होळी आणि वाडीवऱ्हे ओलांडून घोटीकडे निघाले की मात्र हवा बदलते, ढग खाली उतरतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध घातलेली खाचरे दिसू लागतात. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे राब भाजला जातो, आवणी होते, इंद्रायणी पिकते आणि घोटीच्या गिरण्यांमधून भरडलेला तांदूळ शहरात येतो. त्या तांदळाचा वास नाशिककरांना चांगला ठाऊक आहे. त्या भातावर बसणारी कीड मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

[दृश्य : ड्रोनमधून हिरवे-पिवळे खाचर, मधोमध तपकिरी गोल. दहा सेकंद निवेदन नाही, फक्त वाऱ्याचा आवाज]

दाणा भरत असतानाच्या दिवसांत हे चित्रीकरण झाले. खाचराच्या मधोमध दिसणारा हा गोल आगीने झालेला नाही आणि पाण्याच्या ताणानेही झालेला नाही. खाचरात तर घोट्याएवढे पाणी आहे. हे काम तपकिरी तुडतुड्याचे आहे, ज्याला शास्त्रीय भाषेत निलापर्वत लुगेन्स असे म्हणतात.

[दृश्य : चूड बाजूला सारणारे हात, बुंध्याचे अतिसमीप चित्रण]

तो पाहण्यासाठी वाकावे लागते, कारण तो पानावर नसतो. पाण्याच्या जरा वर, बुंध्याच्या सावलीत आणि ओलाव्यात बसतो. साधारण तीन मिलिमीटर लांबीचा हा कीटक आपली सोंड थेट अन्नवाहिनीत खुपसतो आणि रस शोषत राहतो. जास्तीची साखर चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकली जाते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. पडद्यावर बुंध्याशी दिसणारी काजळी तीच होय.

आता या चौकटीतले दोन तुडतुडे नीट पाहावेत. डावीकडच्या मादीचे पंख जेमतेम अर्ध्या पोटापर्यंत पोहोचतात आणि तिचे पोट फुगलेले आहे. तिला उडता येत नाही, परंतु ती लवकर आणि भरपूर अंडी घालते. उजवीकडच्या मादीचे पंख पोटाच्या पुढे गेलेले आहेत, आणि असेच लांब पंखांचे तुडतुडे दरवर्षी वाऱ्याबरोबर पूर्व चिनी समुद्र ओलांडून जपानपर्यंत जातात. या दोन वेगळ्या जाती नाहीत, आणि एकीकडे असलेले पंखांचे जनुक दुसरीकडे नाही असेही नाही. जनुके तीच आहेत. पिल्लाच्या अवस्थेत त्यांपैकी कोणती किती चालली, एवढाच फरक आहे.

हा फरक कसा पडतो, याचा उलगडा हांगझोऊ येथील झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये केला. माणसाच्या शरीरात साखरेचा हिशेब ठेवणाऱ्या इन्सुलिनसारखेच एक द्रव्य तुडतुड्याच्या मेंदूतून स्रवते आणि ते ग्रहण करणारे दोन वेगळे ग्राहक त्याच्या पेशींवर असतात. पहिल्या ग्राहकाचे जनुक दाबले की पिल्लू आखूड पंखांचे होते. दुसऱ्याचे दाबले की लांब पंखांचे. पुढे 2018 मध्ये असे दिसून आले की पिकत चाललेल्या भातात ग्लुकोज वाढतो आणि त्यावर वाढलेल्या पिल्लांत लांब पंखांचे प्रमाण वाढते. थोडक्यात, पीक संपत आल्याची वार्ता तुडतुड्याला रसाच्या गोडीतूनच मिळते आणि तो निघण्याची तयारी करतो.

[दृश्य : निसरड्या बांधावरून द्रवरूप नायट्रोजनची टाकी नेणारी संशोधक विद्यार्थिनी]

नाशिक शहरातील एका महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेत काम करणारी ही विद्यार्थिनी कोणती जनुके किती चालतात हे मोजण्यासाठी याच खाचरांतील तुडतुडे गोळा करते. पद्धत साधी दिसते. एका काचेच्या नळीला रबरी नळी जोडलेली असते. रबरी टोक तोंडात धरून हलकेच श्वास ओढला की कीटक काचेच्या नळीत येतो आणि मध्ये बसवलेल्या जाळीमुळे तोंडात जात नाही. शेजारच्या खाचरात गवत काढणाऱ्या मावशींनी तिला विचारले, “ताई, एवढे किडे नेऊन त्यांचं काय करणार?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बांधावर तिला बराच वेळ लागला.

तुडतुडा पकडल्यापासून घड्याळ चालू होते, कारण जनुक चालू असल्याचा पुरावा म्हणजे त्याची पेशीत तयार झालेली आरएनए नावाची नक्कल, आणि ही नक्कल अत्यंत नाशवंत असते. शिवाय नळीत अडकलेला कीटक घाबरतो, त्याची जनुके त्या भीतीलाही प्रतिसाद देऊ लागतात, आणि मग आपण खाचरातला तुडतुडा मोजत नसून नळीतला तुडतुडा मोजत असतो. म्हणून त्याला लगेच उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकले जाते. चिखल, टोपलीभर गवत आणि त्यांच्या मधोमध उसळणारी ही पांढरी वाफ हे दृश्य आम्ही तीन वेळा टिपले. गरज एकदाच होती.

[दृश्य : प्रयोगशाळा. खलबत्ता, हातमोजे, गुलाबी द्रव]

प्रयोगशाळेत गोठलेले तुडतुडे थंड खलबत्त्यात कुटले जातात. हातमोजे येथे सक्तीचे आहेत. विद्यार्थिनीच्या बचावासाठी ते आहेतच, पण त्याहून अधिक नमुन्याच्या बचावासाठी आहेत, कारण आरएनए तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आपल्या त्वचेवर सदैव असतात. त्यानंतर येतो फिनॉल आणि ग्वानिडीन यांचा गुलाबी द्रव, जो प्रयोगशाळेच्या कोणत्याही चित्रीकरणात भाव खाऊन जातो. तो पेशी फोडतो आणि त्याच क्षणी विकरांनाही निकामी करतो. क्लोरोफॉर्म मिसळून नळी वेगाने फिरवली की तीन थर स्पष्ट दिसतात : खाली गुलाबी, मध्ये पांढुरकी साय आणि वर पाण्यासारखा स्वच्छ थर. हवे ते सगळे वरच्या थरात आहे आणि ते दिसत नाही. विद्यार्थिनीचा हात येथे सर्वांत सावकाश चालतो, कारण पिपेटचे टोक सायीला लागले तर सकाळपासूनची मेहनत वाया जाते. मग आयसोप्रोपॅनॉलने आरएनए खाली बसवला जातो, पंचाहत्तर टक्के अल्कोहोलने धुतला जातो आणि तळाशी उरतो तो नखाच्या टोकाहूनही लहान असा एक फिकट ठिपका.

[दृश्य : पीसीआर यंत्राचे झाकण बंद होते; पडद्यावर आलेख]

या ठिपक्यातील आरएनए यंत्राला थेट वाचता येत नाही. एका विकराच्या साहाय्याने त्याची डीएनएमध्ये उलट नक्कल करावी लागते. पुढचे काम पीसीआर यंत्राचे. तापमान 95 अंशांवर जाते, 60 वर येते, पुन्हा 95 वर जाते, अशी 40 आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात नेमलेल्या जनुकाच्या नकला दुप्पट होत जातात. त्यांना चिकटणारा रंग चमकतो आणि यंत्र ती चमक मोजते. ज्या नमुन्यात जनुक अधिक चालू होते, त्याची रेषा आधी वर उठते. तीन आवर्तने आधी उठली तर मूळ प्रमाण सुमारे आठपट होते. दहा आवर्तने आधी उठली तर हजारपटीच्याही वर. त्यासाठी ज्याची पातळी सहसा ढळत नाही असे एक जनुक मापदंड म्हणून सोबत धरावे लागते, आणि ते खरोखरच ढळत नाही ना हेही आधी तपासावे लागते. या कंटाळवाण्या तपासणीत विद्यार्थिनीचे कितीतरी आठवडे गेले. पडद्यावर तिला एक वाक्य मिळाले आहे, आणि ते अन्यायाचे आहे.

पंखांच्या जनुकांसोबत ती आणखी एक जनुक मोजते, त्याचे नाव सीवायपी6ईआर1. त्यापासून बनणारे विकर इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे विघटन करते. आशियातील अनेक देशांत इमिडाक्लोप्रिडला दाद न देणाऱ्या तुडतुड्यांमध्ये हे जनुक जोरात चालू असल्याचे आढळले आहे, आणि त्यांच्याकडे या जनुकाच्या जास्तीच्या, बदललेल्या प्रती असल्याचेही 2018 मध्ये दाखवले गेले. औषध बनावट होते की कीड बदलली होती, हा गावागावांत चालणारा वाद या मोजणीने सोडवता येण्याजोगा आहे.

[दृश्य : पाठीवर पंप घेतलेला फवारणी करणारा माणूस, मागून. नंतर बुंध्याशी कोळी]

फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात, हे ओळखून इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती. युरियाचा जादा हातही तुडतुड्याच्या पथ्यावर पडतो. आवणी करताना ठरावीक ओळींनंतर मोकळा पट्टा सोडला तर बुंध्याशी हवा आणि ऊन पोहोचते. आरएनएच्याच भाषेत, म्हणजे किडीचे एखादे जनुक आरएनएने दाबून, कीड आवरणारी पहिली फवारणी अमेरिकेत 2023 मध्ये बटाट्यावरील भुंग्यासाठी मंजूर झाली. अन्नवाहिनीतून रस पिणाऱ्या तुडतुड्यापर्यंत तशी फवारणी पोहोचवणे अधिक कठीण आहे.

[दृश्य : शीतपेटीचे दार, बर्फाचा थर, नळ्यांची खोकी]

या हंगामातील नळ्या उणे 80 अंशांवर ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीवर खाचराची खूण, तारीख आणि “आखूड” किंवा “लांब” एवढाच शब्द लिहिलेला आहे. जिल्ह्यातील द्राक्षावरच्या किडींची नोंद ज्या नेमाने ठेवली जाते, त्या नेमाने भाताच्या तुडतुड्याचीही ठेवायची असेल, तर अशी खोकी दरवर्षी भरावी लागतील.

[दृश्य : कापणी. विळ्यांचा आवाज]

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच खाचरावर पुन्हा गेलो. भात कापला जात होता. मावशी सर्वांत पुढच्या ओळीत होत्या, आणि विळे त्या तपकिरी गोलाच्या कडेकडेने पुढे गेले.