आदेश कुठे आहे?

(दृश्य : चार पुतळे चौक, सकाळची रहदारी)

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘चार पुतळे’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल झुगारला, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांच्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. त्याच मार्शल लॉमध्ये ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले.

तो जुलूमच होता. पण कुणाचं तोंड दाबलं आणि कोणी दाबलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिक्षा जाहीर व्हायची, आणि म्हणून तिच्याविरुद्ध उभं राहता यायचं.

(दृश्य : पूर्व भाग, यंत्रमागाचा खडखडाट. मोबाइलच्या पडद्यावर न उघडणारं पान)

आज एखादं संकेतस्थळ उघडत नाही, एखादा व्हिडिओ ‘भारतात उपलब्ध नाही’ असं दाखवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ सरकारला असा मजकूर अडवण्याचा अधिकार देतं. २००९ च्या नियमांत त्यासाठी समिती आहे, कार्यपद्धती आहे. पण त्याच नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. त्यामुळे ज्याचा मजकूर गेला त्यालाही अनेकदा कारण कळत नाही. त्यात प्रत्येक इंटरनेट कंपनीची अडवण्याची तऱ्हा वेगळी. एका सिमवर पान उघडतं, दुसऱ्यावर उघडत नाही. माणूस म्हणतो रेंज नसेल, आणि मोबाइल बंद करून परत चालू करतो.

लोकांचा दुसरा प्रतिसाद म्हणजे पळवाट. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. गावोगावच्या पोरापोरींनी शेताच्या बांधावर उभं राहून जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. कोणी रील्सवर गेलं, कोणी मोज ॲपवर, कोणी अडवलेलं उघडून देणारं व्हीपीएन शोधलं. ही हुशारी खरी आहे. पण मला वाटतं, पळवाट इतकी सहज सापडते म्हणूनच मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो.

(दृश्य : मार्केट यार्ड, कांद्याचा लिलाव)

ऑक्टोबर २०२३ ची अखेर. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली आणि तिथलं इंटरनेट बंद करण्यात आलं. दिवाळी तोंडावर होती. सोलापूरची चादर, टॉवेल आता व्हॉट्सअ‍ॅपवर विकले जातात. डिझाइनचा फोटो जातो, पलीकडून होकार येतो, मग माल ट्रान्सपोर्टला लागतो. पलीकडे नेटच नसेल तर फोटोखाली एकच टिक राहते. कांद्याचंही तेच. अडत्यानं पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, फोटो पाठवला तरी शेतकऱ्याला तो दिसत नाही, पैसे जमा झाले का तेही बघता येत नाही. ज्यांनी दगड हातात घेतला नव्हता, त्यांचाही धंदा त्या दिवसांत बसला.

अफवेची प्रशासनाला वाटणारी भीती मात्र खोटी नसते, आणि हे सोलापूर जिल्ह्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

(दृश्य : मंगळवेढा तालुका, माळरान, पालं)

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं. त्यांतली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. प्रेतं गावी आली तेव्हा नातेवाइकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं कुणालाही सोपं नव्हतं.

म्हणजे अफवा माणसं मारते. ती थांबवली पाहिजे, यावर वाद नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. सगळ्यांचं बोलणं न तोडता अफवेचा वेग कमी करायचा उपाय होता तो. अख्ख्या जिल्ह्याचं नेट तोडलं की अफवा तोंडातोंडी फिरतच राहते, आणि ‘हे खोटं आहे’ हा पोलिसांचा खुलासाही घरोघर पोचत नाही. राईनपाड्यातल्या त्या पाच जणांच्या नावानं कोणी सरसकट बंदीचं समर्थन करू लागलं, तर ते मला मान्य नाही.

(दृश्य : न्यायालयीन निकालाची पानं)

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट तोडलं गेलं. फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. अनुराधा भसीन या संपादक सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचा आदेश प्रसिद्ध करावाच लागेल. पुढे एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त पंधरा दिवस ठरली, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जायला हवा. मुंबई उच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या तथ्य-तपासणी कक्षाचा, म्हणजे सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या कक्षाचा, नियम रद्द केला. विनोदकार कुणाल कामरा त्या खटल्यातले एक याचिकाकर्ते. कोणीतरी कागद हातात घेऊन विचारायला गेलं, म्हणून हे झालं.

ते विचारायला दिल्ली गाठावी लागत नाही.

(दृश्य : टेबलावर कोरा कागद, त्यावर चिकटवलेला स्टॅम्प)

नेट बंद झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागायचं एवढंच : आदेशाची प्रत, त्यात दिलेलं कारण, आणि पुनर्विलोकन समितीनं काय ठरवलं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. संकेतस्थळ अडवल्याबद्दल विचारायचं तर अर्ज केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे जातो, आणि तिथून राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन नकार येण्याची शक्यता मोठी. तरी नकार लेखी घ्यायचा. त्यावर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि अपिलात तो नकाराचा कागद कामी येतो.