मधली भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत राहणाऱ्या मंडळींना मागाचा आवाज काय असतो ते सांगायला नको. माझं घर वडगावातलं. आमच्या आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच, आणि तिच्या पलीकडं दोन यंत्रमाग. लहानपणापासून त्या खटखटीत झोपलो, तेव्हा कधी काही वाटलं नाही. पण बाबांचं ऑपरेशन झालं, त्यांना दुपारची झोप हवीच असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच भिंतीला त्यांची खाट होती. दुसरी खोली नव्हती.

शेजाऱ्यांना माग बंद ठेवा म्हणायला तोंड होईना. साडी मागावर चढली की ती उतरेपर्यंत त्यांच्या घरातलं कुणी स्वस्थ बसत नाही, हे आम्ही रोज बघतो. म्हणून मी भिंतीचं काहीतरी करायचं ठरवलं.

आधी चूक केली. थर्माकोलचे तक्ते आणून भिंतीला चिकटवले. काही जण अंड्यांचे ट्रे लावतात, तोही तसलाच प्रकार. दोन्ही वस्तू हलक्या, आणि आवाज अडवायला वजन लागतं. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत एका चौरस मीटरला 400 किलोच्या वर भरते. तिच्यापुढं थर्माकोलचं काय चालणार? खोलीतला घुमारा कमी करायचा असेल तर फोम, जाड पडदे, गोधड्या उपयोगी पडतात. पलीकडचा आवाज मात्र त्यानं थांबत नाही.

मग ओळखीच्या एका वयस्कर गवंड्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "माळ्यावर चला."

आमच्याकडच्या जुन्या घरांची रचना आठवा. जांभ्या चिऱ्यांची भिंत, मातीनं भरलेले सांधे, वर मंगळुरी कौलं. माणसाच्या नजरेला पडतं तिथवर गिलावा. माळ्यावर उघडे चिरे. जांभा सच्छिद्र, त्यात सांधे झिजलेले. आणि भिंतीचा माथा कौलांना टेकलेलाच नव्हता, वर चांगला वीतभर मोकळा. गवंड्यांनी रात्री एक गोष्ट करायला सांगितली. शेजारच्या मुलानं त्यांच्या माळ्यावर टॉर्च धरला, मी आमच्या माळ्यावर अंधारात पालथा पडलो. तुळयांच्या टोकांभोवती उजेडाच्या रेघा, वायरच्या पाइपाशेजारी एक गोल ठिपका, वर कौलांखाली तर लख्ख पट्टा. तिकडून तो ओरडला, "दिसूलालंय काय?" मी म्हटलं, "दिसूलालंय की!" इतकी वर्षं ज्या भिंतीला आम्ही भिंत म्हणत होतो, ती अशी होती.

श्रोतेहो, हे नीट लक्षात घ्या. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी मग ती कितीही जाड असो, 20 डेसिबलच्या आसपासच आवाज अडवते. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. धड भिंत 45 ते 50 अडवू शकते. आवाज 10 डेसिबलनं उतरला की कानाला तो निम्मा वाटतो, म्हणजे या फरकाचं मोल कळेल. उलट, भिंतीचं वजन दुप्पट केलं तर फायदा जेमतेम पाच-सहा डेसिबलचा. तेव्हा आधी भोकं, मग जाडी.

आम्ही भिंत कौलांपर्यंत चढवून घेतली, माळ्यावरच्या चिऱ्यांना दोन्हीकडून गिलावा केला. तुळयांच्या टोकांभोवती चुना-सिमेंट दाबून भरला. खालच्या खोलीत दोन्ही घरांचे कोनाडे पाठीला पाठ लावून होते, मध्ये चार इंच उरलेले. ते विटांनी बुजवले. आईनं तिथला देव दुसऱ्या भिंतीला मांडला. विजेचे बोर्डही समोरासमोर होते, आमचा हातभर सरकवला.

माणसांचं बोलणं गेलं, रेडिओ गेला. धडधड राहिली. ती हवेतून येतच नव्हती, जमिनीतून येत होती. मागाचे पाय फरशीत पक्के, फरशीला लागून भिंत, भिंतीला खाट. शेजारचे काका घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांना काळजी ही की पायांखाली रबर घातलं तर माग नाचेल, धागा तुटेल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मिस्त्रीला बोलावून आधी एकाच मागाखाली जाड रबराचे पॅड घातले, पाणसळ लावून लेव्हल बघितली, आठ दिवस चालवून पाहिला. कापड बिघडलं नाही. मग दुसरा माग उचलला. बाबांची खाटही भिंतीपासून वीतभर अलीकडं घेतली.

एवढं करूनही कुणाला जास्त हवं असेल, तर जुन्या भिंतीपासून इंचभर सोडून पत्र्याच्या चौकटीवर दुसरी भिंत उभी करतात. चौकटीत दोन इंच रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी, वर साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे, आणि कडेच्या फटी लवचिक सीलंटनं बंद. नवी चौकट जुन्या भिंतीला कुठंही ठोकू देऊ नका. एक पट्टी जरी चिकटली तरी आवाज तिच्यावरून चालत येतो. खोली चार-पाच इंचांनी लहान होते, हे आधीच धरून चाला. आणि बेळगावचा पाऊस विसरू नका. ओल धरलेली भिंत असली कामं करून झाकली तर आत बुरशी धरते. आधी ओल काढा, भिंत सुकू द्या, उन्हाळ्यात काम घ्या.

खर्चाचं विचाराल तर आमच्या घराला सगळ्यात मोठा फरक ती वीतभर फट बुजवल्यानं पडला, आणि त्याला थोड्या विटा, दोन पोती सिमेंट आणि गवंड्यांचे तीन दिवस लागले. दोन्ही घरांनी अर्धे-अर्धे दिले.

आज रात्री माळ्यावर चढून बघा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. पलीकडून टॉर्च त्यांनाच धरायचा आहे.

नमस्कार.