सारण आहे, पारी नाही: यकृतातल्या एका जनुकाची गोष्ट

(दृश्य: उकडीची पारी करणारे हात. थोडा वेळ निवेदन नाही.)

मोदकाचं सारण कितीही झकास जमू दे, पारी फाटली की सगळं चाळणीत. आपल्या यकृताची अडचणही नेमकी हीच.

यकृत चरबी साठवतं तसं ती इतर अवयवांना पाठवतंही. पाठवायची रक्तातून. रक्त म्हणजे बरंचसं पाणी, आणि तेल-पाण्याचं कधी जमलंय? म्हणून चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांना पातळ पारी चढवावी लागते. तिच्यातला मुख्य पदार्थ फॉस्फॅटिडिलकोलीन. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं, शेपट्या पाण्यापासून पळतात. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरणही बऱ्याच अंशी याच मालाचं असतं.

नाव उच्चारताना बोबडी वळते, म्हणून जुनं नाव वापरू: लेसिथिन. पॅरिसच्या थिओडोर गोब्ले या औषधशास्त्रज्ञाने ते अंड्याच्या बलकातून वेगळं काढलं आणि १८५० मध्ये त्याचं बारसं केलं. ग्रीक भाषेत 'लेकिथॉस' म्हणजे बलक. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ३२२ हा आकडा दिसला, तर तेही लेसिथिनच, बहुधा सोयाबीनचं.

(दृश्य: टोरांटो, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९२० चं दशक. टोरांटोत इन्सुलिन नुकतंच सापडलंय. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगू लागलेत. साखर आटोक्यात आहे. तरीही काही महिन्यांनी ते खंगतात, मरतात, आणि आत पाहावं तर यकृत चरबीने गच्च भरलेलं. कच्चं स्वादुपिंड खायला घातलं की मात्र ते तगतात. पुढे लक्षात आलं, की लेसिथिन दिलं तरी चालतं. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी हा धागा सोडेनात. १९३२ मध्ये त्यांनी दाखवलं, की लेसिथिनमधला उपयोगी तुकडा आहे कोलीन. इन्सुलिनचा बेस्ट सगळ्यांना माहीत. कोलीनचा बेस्ट फारसा कुणाला आठवत नाही.

मग अंडं न खाणाऱ्यांचं काय? दूध, सोयाबीन, फ्लॉवर यांत कोलीन असतं, पण बलकाइतकं भरघोस नाही. इथे लेसिथिन बनवण्याची यकृताची दुसरी वाट कामी येते.

पहिल्या वाटेवर आहारातलं कोलीन थेट लेसिथिनमध्ये बसवलं जातं. दुसरीवर कोलीन लागतच नाही. १७ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर पीईएमटी नावाचं जनुक आहे. त्याच्या आराखड्यावरून जे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं, ते पेशीतल्या पटलात रुतून बसतं आणि शेजारच्याच एका फॉस्फोलिपिडला, म्हणजे लेसिथिनच्याच कुळातल्या रेणूला, पकडतं: फॉस्फॅटिडिलइथेनोलअमीन. त्याला एक मिथाइल गट जोडतं. मग दुसरा. मग तिसरा. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढासा हा गट. तीन जोडले की लेसिथिन तयार. यकृतातलं सुमारे ३० टक्के लेसिथिन असं घरचं असतं.

हे जनुक बंद पाडलेले उंदीर कॅनडातल्या एडमंटनमध्ये, डेनिस व्हान्स यांच्या प्रयोगशाळेत, १९९७ मध्ये तयार झाले. नेहमीच्या खाण्यावर ते ठणठणीत. खाण्यातलं कोलीन काढलं, आणि तीन दिवसांत यकृत कोलमडू लागलं. सारण साचत गेलं, पारी मिळेना.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. पण काही दिवस कोलीन कमी करून पाहता येतं, देखरेखीखाली.

(दृश्य: मोजूनमापून वाढलेलं ताट.)

अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, स्टीव्हन झायझेल यांचा गट. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ५७ निरोगी माणसं. आधी दिवसाला ५५० मिलिग्रॅम कोलीन, मग जवळजवळ काहीच नाही, जास्तीत जास्त ४२ दिवस. कुणाच्या यकृतात चरबी साठली, कुणाच्या स्नायूंना इजा झाली. कोलीन परत दिल्यावर तब्येत सावरली. २६ पुरुषांपैकी २० जणांना त्रास झाला. पाळी गेलेल्या १५ स्त्रियांपैकी १२ जणींना. आणि पाळी सुरू असलेल्या १६ जणींपैकी फक्त ७.

हा फरक कुठून आला? इस्ट्रोजेनकडून. हे संप्रेरक पीईएमटीचं बटण दाबतं, आणि यकृत जास्त लेसिथिन बनवू लागतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन कित्येक पटींनी वाढतं. बाळाच्या पेशींना आवरणाचा हा माल नेमका तेव्हाच ढिगाने हवा असतो. ही सोय मला फार आवडते.

पण मग त्या ७ जणी? इस्ट्रोजेन तर त्यांच्याकडेही होतंच.

संशोधकांनी जनुकाच्या आधीचा, बटणाचा भाग तपासला. तिथे काही जणांमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा बदल असतो: जी च्या जागी सी. हा बदल असलेल्या स्त्रियांना कोलीन कमी पडलं की त्रास होण्याचा धोका बराच जास्त निघाला. पुढे पेशींवर पाहिलं, तर कारण समोर आलं. इस्ट्रोजेन येतं, बटण दाबतं, आणि जनुक ढिम्म हलत नाही.

(दृश्य: पुन्हा तेच हात. एक पारी बोटांवर फाटते.)