लिंबातले व्होल्ट

[रामबाग, इंदूर. पोह्यांची बशी, शेजारी लिंबं.]
इंदुरात सकाळी लिंबू दिसलं की ते पोह्यांवर पिळलं जातं. या ओसरीवरची चार लिंबं मात्र राखीव आहेत.

[जवळून: लिंबात खिळा शिरतो.]
हा जस्ताचा मुलामा दिलेला खिळा. बोटभर लांब तांब्याची जाड तार. आत दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरची लाल काडी तांब्याला, काळी खिळ्याला. ०.९४ व्होल्ट. अजून बल्ब जोडलेला नाही, विद्युतधारा जवळजवळ नाहीच, तरी व्होल्ट आहेत.

[दोन्ही काड्या एकाच तारेवर.]
आता शून्य.
"आजोबा, मीटर बिघडलं!"
"देवास किती लांब गं?"
"पस्तीस किलोमीटर."
"आणि देवासहून देवास?"

[नात पुन्हा मीटरकडे बघते.]
पुस्तकात शब्द आहे विभवांतर. दहावीची मुलं तो घोकतात, पण त्यातलं 'अंतर' त्यांच्या कानावरून जातं. व्होल्ट एका टोकाचे नसतात, दोन टोकांमधले असतात. १ कूलोम प्रभार त्या टोकापासून या टोकापर्यंत न्यायला १ जूल काम पडलं, तर ते अंतर १ व्होल्ट. व्होल्ट, धारा आणि रोध यांना जोडणारं ओहमचं सूत्र नंतर येऊ द्या. आधी या दोन काड्या मुलांच्या हातात द्या.

[चार लिंबं एका ओळीत.]
एकाचं तांबं पुढच्याच्या खिळ्याला. ३.७. इटलीतल्या व्होल्टानं १८०० साली अशीच चळत मांडली होती, धातूंच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. लाल एलईडीचा लांब पाय तांब्याकडे. जरा खिडकी लावा.

[अंधार. लाल ठिपका.]

[टॉर्चचा बल्ब.]
हा लागत नाही. मीटर जोडलेलंच आहे, बघा: ३.७ वरून आकडा थेट शून्याजवळ. बल्ब जास्त धारा मागतो, आणि लिंबाचा अंतर्गत रोध, म्हणजे आत धारेला होणारा अडथळा, व्होल्ट आतल्या आतच खाऊन टाकतो. आता दोन पेन्सिल सेल. मीटर ३ दाखवतं, लिंबांपेक्षा कमीच. बल्ब लख्ख.

घरातल्या सॉकेटात २३० व्होल्ट असतात, हे खिळे तिकडे न्यायचे नाहीत. आणि ही लिंबं टाकून द्यायची, त्यांत जस्त उतरलंय.

[सुरी, नवं लिंबू.]
पोह्यांसाठी दुसरं कापलंय.